‘ढ’, ‘दीडशहाणा’ आणि ‘अक्कलखाते’

श्रोतेहो, एस.टी.च्या थांब्यावर अर्धा तास बसण्याची पाळी आली, तर लगेच वर्तमानपत्र उघडू नका. नुसते कान उघडे ठेवा. आमच्याकडच्या एका थांब्यावर ऐकलेले बोलणे जसेच्या तसे सांगतो.

‘‘लाल डबा गेला का रं?’’

‘‘मघाशीच बुंगाट गेला की!’’

‘‘आता वो?’’

‘‘आता वडापच बघायचं. पर त्यो वडापवाला लई बंडलबाज. पाच मिन्टात सुटतो म्हनतोय आन् तासभर शिटा भरत बसतोय.’’

‘‘म्हंजे आपला पोपटच झाला म्हना की!’’

या चारसहा वाक्यांत लाल डबा आहे, पण तो डबा नव्हे. पोपट आहे, पण तो पक्षी नव्हे. ‘शिटा’ म्हणजे बसायच्या जागा खऱ्या, पण इथे भरायच्या आहेत त्या जागा नसून माणसे. बारा माणसे बसली की वडापवाला म्हणतो, ‘‘बारा शिटा झाल्या!’’ माणसाची क्षणात शीट होते, आणि तक्रार कोणीच करीत नाही. ही मराठी कोणत्या व्याकरणाच्या पुस्तकात शिकवलेली नाही. तरीही बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती पुरती समजते. नुसती समजत नाही, तर थोडे हसूही येते.

अशा शब्दांना आपण ‘गावंढळ’ म्हणून नाक मुरडतो, नाहीतर ‘पोरांचा वाह्यातपणा’ म्हणून सोडून देतो. आज मी या शब्दांबद्दल चार गोष्टी सांगणार आहे. ते तयार कसे होतात, त्यांत विनोद कुठून येतो, हे तर पाहूच. पण त्यांनी कोणाचे भले होते आणि कोणाचे नुकसान होते, हेही पाहू. कारण शब्द हसवतो तसाच तो फसवतो आणि दुखवतोही. शिक्षकमंडळींनी या शेवटच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे.

पहिला प्रश्न असा की, हे शब्द कोण तयार करतो? उत्तर सोपे आहे. ज्याच्यासमोर नवी वस्तू येऊन उभी राहते आणि जिचे नाव त्याला कोणी सांगत नाही, तो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी धावली. तिच्यापुढे ना बैल, ना घोडा. पोटात आग आणि तोंडातून धूर. बघणाऱ्यांना इंग्रजी नाव ठाऊक नव्हते, पण डोळे होते. ते म्हणाले, ‘आगगाडी’. पाण्यावरची ती ‘आगबोट’. एका आगीवर लोकांनी असे दोन शब्द शिजवले. पुढे पंडितांची थट्टा करण्यासाठी कोणीतरी सिग्नलला ‘अग्निरथ-गमनागमन-सूचक-पट्टिका’ अशा चालीचे लांबलचक नाव रचले. त्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसे हसली, पण गाडी सुटायच्या आत उच्चारून होणार नाही असा तो शब्द कोणी वापरला मात्र नाही. ‘आगगाडी’ मात्र थेट पाठ्यपुस्तकात जाऊन बसली. आज तिच्यातली आग गेली, ती विजेवर धावते. नाव तेवढे राहिले.

मोटारसायकल आली तेव्हाही असेच झाले. तिचा आवाज ऐकून लोकांनी तिला ‘फटफटी’ केली. इथे कानाने काम केले. ‘टमटम’, ‘डुगडुगी’ ही याच जातीची नावे. काही वेळा डोळा काम करतो. पुढून निमुळत्या तोंडाची, घुरघुरत येणारी तीन चाकांची मोठी रिक्षा रस्त्यावर आली, तेव्हा लोकांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हटले, ‘‘हे तर डुक्कर!’’ झाले. ‘‘डुकरातून आलो’’ असे पाहुणा सांगू लागला आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगे वाटेना. काळ्या-पिवळ्या रंगाची जीप ‘काळीपिवळी’ झाली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्या गाड्यांना पुढे लाल रंग मिळाला आणि लोकांनी दोन नावे दिली. चिडला की माणूस ‘लाल डबा’ म्हणतो आणि प्रेमात आला की ‘लालपरी’. गाडी तीच. अडीअडचणीच्या रात्री डोंगरातल्या फाट्यावर तिचे दिवे दिसले, की डब्याची परी व्हायला वेळ लागत नाही.

आता विनोदाकडे वळू. मराठी माणसाचा विनोद पुष्कळदा हिशेबाचा असतो. ‘दीडशहाणा’ हा शब्द घ्या. एक शहाणा, त्यात आणखी अर्धा शहाणा मिळवला, तर बेरजेने शहाणपण वाढायला हवे. पण आपली भाषा म्हणते, नाही! एकाच्या पुढचा अर्धा आला की मूळचा एकही बुडाला. म्हणून दीडशहाणा म्हणजे मूर्ख. आणि मूर्खाहून वाईट, कारण मूर्ख निदान दुसऱ्याचे ऐकतो. याच्या उलट पेशवाईत ‘साडेतीन शहाणे’ प्रसिद्ध होते. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि नाना फडणीस अर्धे. नाना मुत्सद्दी खरे, पण तलवार चालवणारे नव्हते, म्हणून त्यांना अर्ध्यावर थांबवले, असे सांगतात. म्हणजे अर्धा शहाणा हा मान आणि दीड शहाणा ही शिवी! मास्तरांनी वर्गात अपूर्णांक शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे. पोरे अपूर्णांक विसरणार नाहीत.

तसाच दुसरा हिशेब नाण्यांचा. रुपयाचे आणे सोळा. म्हणून जे पूर्ण खरे ते ‘सोळा आणे’ खरे. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. ज्याच्या डोक्यात थोडे कमी, त्याची ‘पावली कमी’. म्हणजे रुपया आहे, पण बाराच आण्यांचा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीची नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. आणे हिशेबातून गेले. पुढे ३० जून २०११ नंतर पंचवीस पैशांचे नाणेसुद्धा चलनातून बाद झाले. तरी आजही पारावर म्हणतात, ‘‘त्याची एक पावली कमी हाय.’’ नाणे मेले, पण थट्टा जिवंत राहिली! शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याच्या एका शब्दाचेही असेच झाले. पीक किती आले हे सरकारी दप्तर आण्यांत मोजत असे, ती ‘आणेवारी’. नवे पैसे आल्यावर दप्तरात ‘पैसेवारी’ आली. पुष्कळ वर्षे पन्नास पैशांच्या आतबाहेर गावाचे नशीब ठरत असे. तेवढ्यावर टंचाई जाहीर व्हायची की नाही ते अवलंबून. पण दप्तराने शब्द बदलला तरी जुने शेतकरी ‘‘औंदा आणेवारी किती धरली?’’ असेच विचारीत राहिले.

काही शब्द शेतातून येतात. १९६४ साली सी.एस.एच.-१ हे संकरित ज्वारीचे देशातले पहिले वाण आले. ताट बुटके, कणीस भरगच्च, पीक लवकर तयार, उतारा दांडगा. पण कणीस पक्व होताना पाऊस लागला की दाणा काळा पडे, आणि भाकरीला मालदांडीची चव नसे. कृषी खात्याने ‘संकरित’ हा शब्द दिला. लोकांनी तो पुस्तकात ठेवला आणि स्वतः ‘हायब्रेट’ म्हणू लागले. पुढे मौज अशी झाली, की शब्द वावरातून निघाला आणि घरात शिरला. झटपट वाढलेला, दिसायला टपोरा, पण चार पायल्यांचे पोते उचलताना धापा टाकणारा पोरगा दिसला, की आजोबा म्हणत, ‘‘ही हायब्रेट पोरं! आमची हाडं गावरान.’’ शहरात हेच काम ‘डालडा’ने केले. १९३७ साली हे वनस्पती तूप बाजारात आले. साजूक तुपावर वाढलेल्यांनी पुढच्या पिढीला ‘डालड्यावरची पिढी’ असे नाव ठेवले. बियाणे आणि तूप यांच्या आडून आजोबा खरे तर आपल्या गेलेल्या तारुण्याबद्दल बोलत असतात. विनोदाच्या शब्दात असे दुःख पुष्कळदा लपलेले असते.

आता एक वेगळा गट पाहू. कोणी कोणाला फसवले, तर मराठीत ते किती परींनी सांगता येते पाहा. शेंडी लावली, टोपी घातली, चुना लावला, गंडा घातला, मामा बनवला, हातावर तुरी दिल्या. खोटे सांगितले तर थाप मारली, पुडी सोडली, बंडल मारले. त्यातही ‘लोणकढी थाप’ म्हणजे काय? लोणी नुकतेच कढवून केलेले ताजे तूप ते लोणकढे तूप. तशी जी थाप आता, या घटकेला, तुमच्यासमोर कढवून काढली, ती लोणकढी. शिळी थाप ओळखू येते, ताजी ओळखू येत नाही, हे त्यातले मर्म.

फसवणुकीला इतके शब्द का असावेत? जिथे ज्या गोष्टीचा त्रास जास्त, तिथे तिला नावे जास्त. आणि फसलेल्या माणसाने पुढे काय करावे, याचीही सोय भाषेने करून ठेवली आहे. तो म्हणतो, ‘‘पैसे अक्कलखाती गेले.’’ किती सुंदर शब्द आहे हा! वाण्याच्या वहीत किराणा खाते असते, उधार खाते असते. तसेच माणसाच्या आयुष्याच्या वहीत एक अक्कलखाते. बुडालेली रक्कम तिथे जमा धरायची आणि पुढच्या वेळी शहाणे व्हायचे. तोटा झाला हे खरे, पण ‘शिकवणीची फी दिली’ असे म्हणून माणूस पुन्हा ताठ उभा राहतो. ज्याने हा शब्द प्रथम उच्चारला, तो नक्कीच मोठा फसलेला आणि तितकाच मोठ्या मनाचा असला पाहिजे.

यानंतर सांगायची ती गुप्त बोली. तुमच्यापैकी कित्येकांनी लहानपणी ‘च’ची भाषा बोलली असेल. शब्दाचे पहिले अक्षर काढायचे, त्याच्या जागी त्याच काना-मात्रेचा ‘च’ ठेवायचा आणि काढलेले अक्षर शेवटी लावायचे. ‘पाणी’चे झाले ‘चाणीप’. ‘शाळा’ची ‘चाळाश’. ‘मास्तर’चे ‘चास्तरम’. आणि ‘भाकरी’ची होते ‘चाकरीभ’! पोरांना ठाऊक नसते, पण भाकरीच्या पोटात चाकरी आहे हे खेळता खेळता त्यांनी सांगून टाकलेले असते. या भाषेचा हेतू एकच. आपण चौघांनी बोलायचे आणि पाचव्याला कळू नये.

मोठी माणसेही हा खेळ खेळत आली आहेत. ‘करपल्लवी’ म्हणजे हातांच्या खुणांची भाषा. हाताच्या आकाराने अक्षराचा वर्ग दाखवायचा आणि बोटांनी त्या वर्गातले कितवे अक्षर ते दाखवायचे. महानुभाव पंथाने तर आपले ग्रंथच ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे ग्रंथ सुरक्षित राहिले. पण कित्येक शतके ते बाहेरच्या मराठी वाचकाला वाचताही आले नाहीत. गुप्त भाषेचे हे असे आहे. ती कुंपण घालते. कुंपणाने पीक राखले जाते, आणि वाटसरूची वाटही अडते.

वाट अडवणारी अशी एक भाषा बाजारात होती. ती ‘नंदभाषा’. दलाल आणि व्यापारी आपसांत भाव बोलताना आकड्यांना वेगळीच नावे देत. एक म्हणजे ‘केवली’, दोन ‘अवारू’, तीन ‘उधानू’, चार ‘पोकू’, पाच ‘मुळू’. रुपयाला ‘भुरका’. उच्चार बाजारागणिक थोडे बदलत. ऐकायला हे शब्द मोठे गमतीचे वाटतात. पण ज्याचा बैल विकायला उभा आहे आणि ज्याला पोकू म्हणजे काय ते ठाऊक नाही, त्याला त्यात गंमत कोठून वाटणार? त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्या कानांदेखत, त्याच्याच जनावराचा भाव ठरतो आणि तो मात्र मान हलवीत उभा. तोंडाने बोलायचे नसेल तर उपरण्याखाली हात घालून बोटे दाबायची. वरून दिसते ते फक्त उपरणे.

मला लहानपणीचा एक प्रसंग आठवतो. साठीच्या दशकातली गोष्ट. मी चौथीत होतो. आठवड्याच्या बाजाराला काका एक बैल विकायला निघाले आणि मी त्यांच्या मागे लागलो. आमच्या वर्गातला एक मुलगा तिथे भेटला. त्याचे वडील दुसऱ्यांची जनावरे बाजारात हाकत नेत, आणि हाही शाळेला दांडी मारून त्यांच्याबरोबर येई. काकांना भाव सांगितला गेला तीनशे. काका घुटमळले. तेवढ्यात गिऱ्हाइकाचा दलाल आपल्या जोडीदाराकडे वळून काहीतरी पुटपुटला. काकांना ते कळले नाही, मलाही नाही. पण तो पोरगा हळूच काकांच्या कोपराशी आला आणि म्हणाला, ‘‘काका, तीनशाला हो म्हनू नगा. त्यो पोकूपतुर जा म्हनतोय. पोकू म्हंजे चार.’’ काका हटून बसले. शेवटी बैल पावणेचारशेला गेला. काकांनी त्याला भजी घेऊन दिली आणि घरी येईपर्यंत ‘‘काय हुशार पोर आहे!’’ हेच चालले होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत तोंडी हिशेब झाले. त्या मुलाला उत्तर आले नाही. प्रश्न होता आंब्यांच्या करंड्यांचा, आणि मास्तरांची पुस्तकी भाषा त्याच्या डोक्यावरून गेली. मास्तरांनी खडू उचलला आणि त्याच्या पाटीवर मोठे थोरले एक अक्षर काढले. ‘ढ’. सगळा वर्ग हसला. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. कालच त्याने माझ्या काकांचे पाऊणशे रुपये वाचवले होते, हे मला ठाऊक होते. तरी मी हसलो. पुढे तो शाळेत फारसा आला नाही.

आता ‘ढ’ या शब्दाकडे नीट पाहू, कारण शाळेतल्या विनोदी शब्दांत हा सर्वांत बुद्धिमान शब्द आहे. पाठांतराला ‘घोकंपट्टी’ म्हणणे, अर्थ न कळता बोलण्याला ‘पोपटपंची’ म्हणणे, शाळा चुकवण्याला ‘दांडी’ किंवा ‘बुट्टी’ म्हणणे, हे सगळे ठीकच. पण मंद विद्यार्थ्याला वर्णमालेतले नेमके ‘ढ’च का म्हणावे? ‘ठ’ का नाही, ‘भ’ का नाही? याची एक उपपत्ती अशी सांगतात. सम्राट अशोकाच्या काळची ब्राह्मी लिपी सव्वादोन हजार वर्षांहून जुनी. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला, तो याच लिपीतला. तिच्यातले ‘क’, ‘म’, ‘अ’ हळूहळू वळणे घेत बदलत गेले आणि आजच्या देवनागरीचे झाले. इतके बदलले की आज शिलालेखापुढे उभे राहिलो तर आपल्याला ओळख पटत नाही. पण ‘ढ’ जवळजवळ तसाच राहिला! डोक्यावर रेघ तेवढी आली. इतकी शतके गेली तरी ज्याच्यात फरक पडला नाही, तो ‘ढ’. म्हणून कितीही वर्षे शिकवले तरी ज्याच्यात फरक पडत नाही, तो विद्यार्थीही ‘ढ’.

थट्टा झकास आहे, यात शंका नाही. पण थट्टेची दुसरी बाजूही पाहा. समजा, उद्या मी तुम्हा सगळ्यांना ब्राह्मी शिलालेखासमोर नेऊन उभे केले. सगळी अक्षरे परकी. त्या अनोळखी गर्दीत एक चेहरा मात्र ओळखीचा निघेल, आणि तो असेल ‘ढ’. बाकीचे सगळे हुशार काळाप्रमाणे बदलले. हा एकटा जुनी ओळख धरून राहिला. अडलेल्या वाचकाला पहिला हात देणारा तो हाच. माझ्या काकांना बाजारात हात देणारा होता, तसा.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना माझे सांगणे असे, की शब्द वापरण्यापूर्वी एक साधी कसोटी लावावी. शब्द कोणावर पडतो ते पाहावे. ‘लाल डबा’ म्हटले तर ते गाडीवर पडते. तिच्या पत्र्याला काही लागत नाही. ‘दीडशहाणा’ म्हटले तर ते गर्वावर पडते. गर्वाला थोडे लागलेले बरेच. पण ‘ढ’ म्हटले तर ते दहा वर्षांच्या पोरावर पडते, आणि त्याला उलट उत्तर देता येत नाही. ‘‘याला ठाण्याला पाठवा’’, ‘‘याची जागा येरवड्याला’’ असे आपण सहज म्हणतो, कारण तिथे मनोरुग्णालये आहेत. पण ज्याच्या घरातले माणूस खरोखर तिथे उपचार घेत असेल, तो श्रोत्यांत बसला असेल, तर त्याने तोंड कुठे लपवावे? अंगाच्या व्यंगावरून, जातीवरून, धंद्यावरून पाडलेली नावेही अशीच. ज्या विनोदाला हसताना समोरच्याची मान खाली जाते, तो विनोद आपल्या भाषेत कितीही जुना असला तरी आपण तो पुढे चालवू नये.

मग या बोलभाषेचे करायचे काय? मुलांच्या तोंडून ती उपटून काढायची? मुळीच नाही. तसे करू गेलो तर मूल शब्द सोडणार नाही, बोलणे सोडून देईल. घरी आई ‘फटफटी’ म्हणते आणि शाळेत मास्तर म्हणतात की हा शब्द चूक. तर मुलाच्या मनात आईच चूक ठरते. त्यापेक्षा असे करावे. वर्गात एक शब्दवही ठेवावी. प्रत्येक मुलाने आठवड्याला दोन शब्द आणावेत. घरातला एक, बाजारातला किंवा शेतातला एक. शब्द कोण बोलते, केव्हा बोलते, त्याचा अर्थ काय आणि हसू का येते, एवढे चार ओळींत लिहावे. मग शेजारी पुस्तकी शब्द लिहावा. ‘फटफटी’ आणि ‘मोटारसायकल’, ‘हायब्रेट’ आणि ‘संकरित’. अर्जात कोणता लिहायचा आणि आजीशी बोलताना कोणता वापरायचा, हे मुलाला आपोआप कळू लागते. दोन्ही शब्द त्याचेच. एक सणाचा सदरा, एक रोजचा.

हे काम हलके समजू नका. मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या मदतीने केलेला कोश १८३१ साली छापला गेला आणि १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात दरबारी शब्दांबरोबर बाजारातले, वावरातले, घरातले शब्दही वेचले आहेत. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. त्यांनी गावोगावच्या बोलींचे शब्द टिपून ठेवले नसते, तर कित्येक शब्द बोलणाऱ्यांबरोबरच मातीत गेले असते. तुमच्या शाळेतली शब्दवही ही त्याच कामाची धाकटी बहीण.

आणि शेतकरी बांधवांना एक शेवटची गोष्ट. शेतमालाचा भाव उपरण्याखाली ठरू नये, उघड बोलीने ठरावा, म्हणून मुंबई प्रांतात १९३९ साली आणि नंतर महाराष्ट्र राज्यात १९६३ साली बाजाराचे कायदे झाले. त्याने पुष्कळ फरक पडला. पण नंदभाषा संपली असे समजू नका. तिने नुसता वेष पालटला. आज फोनवर कोणी गोड आवाजात ‘केवायसी’, ‘ओटीपी’ असे काहीबाही बोलतो आणि आपण मान हलवतो, तेव्हा ते नवे ‘पोकू’च असते. शब्द कळला नाही की व्यवहार थांबवावा. ‘‘हे मला कळलं नाही, सोप्या मराठीत सांगा’’ असे म्हणायला लाजू नये. न कळता मान हलवणे हाच अक्कलखात्याचा दरवाजा आहे. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याला विचारावे. आणि मास्तर त्या पोराला ‘ढ’ म्हणत असतील, तर त्याला आवर्जून विचारावे. त्याला एखादा आकडा जास्त ठाऊक असण्याचा संभव आहे.

तर मंडळी, पुढच्या वेळी थांब्यावर गाडीची वाट पाहत बसाल तेव्हा कान उघडे ठेवा. एखादा नवा शब्द मिळाला तर लिहून ठेवा. लाल डबा उशिरा आला तरी तुमचा पोपट झाला असे म्हणायची पाळी यायची नाही.